एक हात उंच लाल पट्टा

मित्रांनो, मी खाडीच्या तोंडाशी उभा असलेला एक जुना लाकडी खांब आहे. माझ्या अंगावर खाचा आहेत, आणि पाणी किती चढले हे लोक माझ्याकडे बघून ठरवतात. सारा जन्म पाण्यात गेला तरी मला पाण्याची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकतो. हसलात तरी चालेल. माझ्या डोक्यावर बसून झोपा काढणारे बगळेसुद्धा हसत असतील.

मी मूळचा एका होडीची डोलकाठी. होडी मोडीत निघाली, तेव्हा एका मासेमाराने मला उचलून आणले. त्याला सगळे चंद्रकाका म्हणत, कारण काहीही विचारा, उत्तर देण्याआधी तो आकाशाकडे बघायचा. त्याने मला धक्क्याच्या पायऱ्यांजवळ रोवले. मग एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत तो रोज माझ्यापाशी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि पटाशीने एकेक खाच पाडत गेला. दुखले खूप. पण माझ्यासाठी इतका वेळ तोवर कोणी दिला नव्हता.

त्या महिन्यात मी पाण्याचा स्वभाव शिकलो. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण येते. पाणी खूप वर चढते आणि तेवढेच खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असते. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि मासेही सुस्तावतात. शिवाय भरती रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास उशिरा येते. तिला कोणी शिक्षा करत नाही.

माझ्यासमोर, खाडीत, वाळूचा एक पट्टा आहे. तो फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडा पडतो. त्याच्या पलीकडच्या कडेला गळ टाकायला लोक जातात, कारण पाणी फिरले की मासे त्याच्याबरोबर आत येतात आणि पहिला तासभर गळाला उसंत मिळत नाही. भीती आहे ती तिथेच. जे पाणी समोरून मासे आणते, तेच पाणी मागच्या बाजूने, पट्टा आणि धक्का यांमधल्या चरात गुपचूप भरत असते. मासे धरणाऱ्याला पाठीमागे डोळे नसतात. म्हणून काकाने माझ्यावर एक लाल पट्टा रंगवला. पाणी त्याला टेकले, म्हणजे चरात गुडघाभर पाणी झाले. तसे झाले की काका धक्क्यावर टांगलेल्या लोखंडी पट्टीवर हातोडीने टोले द्यायचा आणि सगळे परत फिरायचे. "हातातला मासा सोडा, पण टोला सोडू नका," असे तो प्रत्येकाला बजावायचा.

वीस वर्षे माझा शब्द खाली पडला नाही. लोक येता-जाता मला थोपटायचे. मी थोडा फुगलोही होतो, आता खोटे कशाला बोलू? मग कौतुक आटले. कोणी मला होडी बांधू लागले, कोणी माझ्यावर ओली बनियन वाळत घालू लागले. अंगावर शिंपले चढले, रंग उडाला, आणि खाली माझा बुंधा कुजत गेला. एका अष्टमीला मी आडवा झालो.

काकाचा मुलगा गवंडी होता. हाताचा चांगला आणि मनाचा त्याहून चांगला. त्याने माझा कुजका भाग कापला, सिमेंटचा भक्कम ओटा केला आणि मला त्यात घट्ट बसवले. लाल पट्टा पुन्हा जाड रंगवला. बाबांना हल्ली कमी दिसते, हे त्याच्या मनात होते. म्हणून त्याने मला पहिल्यापेक्षा एक हात उंच ठेवले.

एक हात, मित्रांनो. तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठेसे? पण माझ्याबरोबर लाल पट्टाही वर गेला होता. आता पाणी त्याला टेकेपर्यंत चरात कमरेच्या वर पाणी होणार होते. मला हे पहिल्याच भरतीला कळले. भांगाचे दिवस होते, वाळूचा पट्टा पाण्याखालीच होता, कोणी तिकडे जात नव्हते. त्यामुळे चूक कोणाला दिसली नाही. मला मात्र दिसत होती. चंद्राची कोर रोज बारीक होत होती आणि माझा जीव तिच्याबरोबर बारीक होत होता.

अमावास्येच्या सकाळी काकाची सून आणि धाकटी लेक टोपली घेऊन वाळूच्या पट्ट्यावर गेल्या. काका नेहमीसारखा पायरीवर बसला. चपला त्याने खालच्या पायरीवर काढून ठेवल्या. ती त्याची ठरलेली जागा होती, कारण टोला देईपर्यंत तिथे पाणी कधी येत नसे.

पाणी फिरले. दोघींच्या गळाला मासे लागू लागले. मागे वळून बघायची त्यांना गरजच नव्हती, टोला होता ना. पाणी माझा ओटा बुडवून वर आले. पूर्वी लाल पट्टा जिथे होता, तिथे ते पोहोचले आणि पुढे गेले. मी आतल्या आत किंचाळत होतो. काका माझ्याकडेच बघत होता, अगदी निवांत. लाल पट्टा कोरडा होता आणि त्याचा माझ्यावर विश्वास होता. त्या विश्वासाची मला जेवढी भीती वाटली, तेवढी पाण्याचीही कधी वाटली नाही.

तेवढ्यात काकाची एक चप्पल तरंगत आली आणि मला धडकली.

काकाने चप्पल बघितली. माझा कोरडा लाल पट्टा बघितला. मग उठून तो असा टोले देऊ लागला की बगळे उडाले. दोघी वळल्या, धावल्या आणि चराच्या काठाशी थबकल्या. समोर ओढ घेणारे पाणी होते. त्यांनी टोपली टाकली. वहिनीने नणंदेचे मनगट पकडले आणि दोघी आत उतरल्या. मध्यावर येईपर्यंत पाणी छातीला लागले. बुटक्या लेकीचे पाय सुटले.

मुलगा जवळच एक भिंत बांधत होता. टोले ऐकून तो दोरखंड घेऊन धावत आला. दोरखंडाचे एक टोक त्याने मला बांधले, दुसरे स्वतःच्या कमरेला, आणि पाण्यात उडी घेतली. तिघांचा भार माझ्यावर आला. मी करकरलो. आता मोडलो तर तिघेही जातील, एवढेच मला कळत होते. पण ज्या ओट्याने घात केला, त्याच ओट्याने मला धरून ठेवले. दोरखंडाला धरत धरत तिघे पायरीपर्यंत आली.

काका टोले देतच होता. मुलाने ओल्या हाताने त्याची हातोडी धरली, तेव्हा तो थांबला.

"बाबा, तुम्हाला नीट दिसावा म्हणून मी उंच केला," मुलगा म्हणाला.

"मला विचारायचं होतंस," काका म्हणाला. "मी एक महिना पाण्यात उभा होतो त्या खुणांसाठी."

रागावला नाही तो. मुलाच्या डोक्यावर त्याने टॉवेल टाकला आणि पुसत राहिला.

पुढच्या अमावास्येपर्यंत कोणी वाळूच्या पट्ट्यावर गेले नाही. महिनाभर बाप पायरीवरून सांगत होता आणि मुलगा पाण्यात उभा राहून माझ्यावर नव्या खाचा पाडत होता. नवा लाल पट्टा एक हात खाली आला. जुना खरवडला, पण त्याचा डाग अजून आहे.

आता काका नाही. धाकटी लेक पायरीवर बसते आणि टोले देते. दर उधाणाला वाळूच्या पट्ट्यावर किती जण गेले ते मी मोजतो, आणि किती परत आले तेही मोजतो. आकडे जुळेपर्यंत मला चैन पडत नाही.

मित्रांनो, कधी मला रंगवावेसे वाटले तर जरूर या. पण डबा उघडण्याआधी चरात उतरा, पाणी गुडघ्याला कधी लागते ते बघा, पायरीवर बसलेल्या बाईला विचारा आणि मगच ब्रश हातात घ्या. माझ्यावर विश्वास ठेवा, असे म्हणायला मी अजून भितो.