मागच्या अंगणातली उसंत

"बाबा, तुमचा करडा स्वेटर घेतलाय. दुसरा इथेच राहू दे, त्याची कोपरं गेलीत."

लेक आतल्या खोलीतून मोठ्याने बोलत होती. ड्रायव्हर मागच्या अंगणात वेताच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी "बरं" म्हटलं, पण ते आतपर्यंत पोचलं नसावं, कारण लेकीने स्वेटरचं पुन्हा एकदा सांगितलं.

नोकरी संपून वर्षं लोटली तरी गल्लीत त्यांना सगळे ड्रायव्हरच म्हणत. लांब पल्ल्याच्या रात्रीच्या बसवर त्यांची हयात गेली होती. आता बायको जाऊन तीन महिने होत आले होते आणि लेक त्यांना आपल्याकडे न्यायला आली होती. "थोडे दिवस," असं ती म्हणाली होती. पण तिने सोबत आणलेल्या रिकाम्या पिशव्या पाहून थोडे दिवस म्हणजे किती, याचा अंदाज त्यांना आला होता.

जायचं त्यांच्या मनात नव्हतं. फोनवर ते तसं बोललेही होते.

"मग एकटे तिथे दिवसभर करणार काय तुम्ही?"

"काही नाही. बसेन."

"बसेन म्हणजे? ते काय काम आहे?"

काम नव्हतंच ते. पण लेकीला हे समजावून सांगणं त्यांच्या जिभेला जमण्यासारखं नव्हतं. ती एका हातात घास आणि दुसऱ्या हातात फोन धरून जेवणारी. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली होती, अगदी आईसारखी.

तिची आई म्हणजे सिस्टर. मोठ्या दवाखान्यात नर्स होती, म्हणून गल्लीची सिस्टर. आणि ऐकून ऐकून ड्रायव्हरही तिला सिस्टरच म्हणायला लागले होते. शेजारच्या बाई तोंडावर हात ठेवून हसायच्या. "अहो ड्रायव्हर, आमची सिस्टर ते ठीक आहे, पण तुमची कोण ती?" यावर सिस्टरच फणकाऱ्याने उत्तर द्यायची, "म्हणू देत. नाव घेऊन हाक मारायला आमची गाठ पडते कधी?"

ते खरंच होतं. ते सकाळी गाडी डेपोत लावून घरी येत तेव्हा ती दवाखान्यात निघालेली असे. दारातच भेट. ते वाकून बुटांच्या नाड्या सोडत असत आणि ती वाकून बांधत असे.

"चहा झाकून ठेवलाय."

"बरं."

"पोरीला ताप आहे. औषध दिलंय. दुपारी पुन्हा द्या."

"बरं."

एवढ्या बोलण्यावर त्यांचा संसार उभा राहिला. भांडायलाही वेळ मिळाला नाही, असं सिस्टर म्हणायची. नाहीतर आपलं काही खरं नव्हतं.

आत कपाटाजवळ काहीतरी धाडकन पडलं. ड्रायव्हर उठून आत गेले. कपाटावरून सामान काढताना लेकीच्या हातून एक मोठी निळी बॅग निसटली होती आणि तिच्यासोबत वरच्या जुन्या चादरी, उशांचे अभ्रे, दोऱ्यांची रिळं सगळं जमिनीवर पसरलं होतं. ड्रायव्हर उकिडवे बसून एकेक गोळा करायला लागले. पलंगाखाली गेलेलं रीळ त्यांनी वाकून हात घालून काढलं, सगळं उचललं आणि उभे राहिले.

लेकीची नजर त्यांच्यावरून बॅगेवर गेली.

"प्लास्टिकसुद्धा काढलं नाहीत," ती म्हणाली.

बॅग तिनेच घेऊन दिली होती. सिस्टर निवृत्त झाली तेव्हा लेकीने आईवडिलांना सहलीची तिकिटं काढून दिली होती आणि सोबत ही बॅग. डोंगर, तळं, तळ्याकाठचं हॉटेल, खिडकीतून सूर्योदय. आई जन्मभर दवाखान्याच्या भिंती बघत आली, आता तिने हे बघावं, असं लेकीला फार वाटत होतं. निघायच्या आदल्या दिवशी वडिलांचा फोन आला: माझे गुडघे धरलेत, जमणार नाही. पुन्हा कधीतरी.

ते पुन्हा कधी आलंच नाही.

"एकदा तरी न्यायचंत तिला, बाबा. एकदा!" लेकीचा आवाज चढला. "तुम्ही जग फिरलात. तिने काय पाहिलं? कॉटखालची भांडी आणि सलाइनच्या बाटल्या. शेवटी चार दिवस मिळाले होते, तेही तुम्ही तिला ह्या मागच्या अंगणात बसवून घालवलेत."

ड्रायव्हरांनी हातातलं रीळ कपाटात ठेवलं.

त्यांच्या गप्प राहण्यानेच तिचा तोल गेला असावा. तीन महिने जे ओठांवर येऊन परत जात होतं, ते बाहेर पडलं.

"आणि शेजारी बसून तुम्हाला कळलंही नाही. तासभर! ती गेलीये आणि तुम्ही आपले शेजारी नुसते बसलेले."

बोलून गेली आणि तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. ड्रायव्हरांनी मान हलवली, जसं कोणी हाच रस्ता का असं विचारलं आणि तो बरोबर असला की ते हलवत. मग ते अंगणात गेले आणि आपल्या खुर्चीत बसले.

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की झटका इतका मोठा होता की कळलं असतं तरी काही करता आलं नसतं. शेजारी डॉक्टर बसलेला असता तरी नाही. ड्रायव्हरांनी ते ऐकून घेतलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि दुपारी त्या खुर्चीकडे बघणं वेगळं.

गुडघ्यांचं मात्र लेकीला कधीच सांगता येणार नव्हतं. सहलीला निघायच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. घालता घालता थांबली.

"अहो, नाही गेलो तर?"

"का? बरं वाटत नाही का?"

"बरंच वाटतंय. म्हणून तर. सकाळी पाचला उठा, गाडीत बसा, उतरा, बघा, पुन्हा गाडीत बसा. जन्मभर तेच केलं हो मी, नुसता डोंगर नव्हता समोर. मला कुठ्ठे जायचं नाहीये. मला आपल्या मागच्या अंगणात बसायचंय."

"मग सांग पोरीला तसं."

"मी नाही. केवढ्या हौसेने काढलीत तिकिटं. तुमचे गुडघे दुखतात म्हणून सांगा."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत."

"नर्स कोण आहे इथे? मी सांगतेय ना, दुखतात तुमचे गुडघे."

दोघं खूप हसली होती त्या संध्याकाळी. नंतर फोन ठेवल्यावर सिस्टर म्हणाली होती, "तिला कधी कळू देऊ नका हं." त्यांनी शब्द दिला होता. तेव्हा तो द्यायला काहीच जड गेलं नव्हतं.

लेक बराच वेळ बाहेर आली नाही. आतून नळाचा आवाज आला, मग कपांचा. मग ती दोन कप चहा घेऊन आली. एक त्यांच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन उभीच राहिली, भिंतीला टेकून. डोळे धुतलेले दिसत होते.

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"राहू दे. चहा घे."

"मला फक्त कळत नाही, बाबा. तुम्ही दोघं दिवसभर करायचात तरी काय इथे?"

ड्रायव्हरांनी कप दोन्ही हातांत धरला. असं कोणी त्यांना कधी विचारलं नव्हतं. विचारलं होतं, पण उत्तर हवं म्हणून नाही.

"पहिले काही महिने तुझी आई बसतच नव्हती," ते म्हणाले. "सगळी भांडी घासून झाली, मग घासलेली पुन्हा घासली. कोणाला इंजेक्शन दे, कोणाचं ड्रेसिंग कर. मी म्हणायचो, अगं सुटलीस आता. तर म्हणायची, पाय ऐकत नाहीत. मग एक दिवस मटार सोलायला म्हणून इथे येऊन बसली. सोलून झाले. मी म्हटलं आता उठेल. उठलीच नाही."

"मग?"

"मग काय. बसली. भांडं मांडीवर घेऊन. संध्याकाळ झाली तेव्हा मला म्हणाली, अहो, आज मी काहीच केलं नाही. मी म्हटलं, हो. म्हणाली, कोणी मेलं नाही ना त्यामुळे? मी म्हटलं, आपल्या गल्लीत तरी नाही."

लेकीच्या ओठांच्या कडा हलल्या.

"दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसली. मग रोजच. पाय सुजलेले असायचे तिचे, वॉर्डात उभं राहून राहून कायमचे तसेच झाले होते. ते माझ्या मांडीवर टाकायची. मी दाबायचो वगैरे नाही हं. नुसते धरायचो. ते मांजर यायचं भिंतीवर, त्याच्याकडे बघायचो. बोलता बोलता तिला झोप लागायची, वाक्य अर्ध्यात टाकून. जाग आली की तिथूनच पुढे बोलायची, मधे काही झालंच नाही असं. मी पण कधी आठवण करून दिली नाही."

लेकीच्या हातातला कप खाली आला होता.

"आई बसायची?" तिने विचारलं.

प्रश्न इतक्या हळू आला की ड्रायव्हरांना तो नीट कळायला वेळ लागला.

"मी तिला बसलेलं पाहिलंच नाहीये," ती म्हणाली. "ओट्याशी उभी राहून जेवायची. माझी वेणी उभ्याने घालायची. माझ्या घरी आली तरी पोचल्याबरोबर झाडू शोधायची. आणि मी फोन केला ना, काय करतेस विचारलं, की म्हणायची, काही नाही गं, बसलोय. मला वाटायचं कंटाळलीय बिचारी. दर वेळी फोन ठेवला की मला तुमचा राग यायचा."

"कंटाळली नव्हती."

"त्या दिवशी..." लेक अडखळली. "त्या दिवशी काय बोलत होती ती?"

"शेजारच्या बाईंच्या सुनेचं. सून नवीन शिवणयंत्र घेतेय, तर त्याला ठेवायला, म्हणाली. ठेवायला, आणि डोळे मिटले. मला वाटलं नेहमीचंच आहे. मी वाट बघत होतो, की आता जागी होईल आणि जागा सांगेल कुठे ठेवणार ते." ते थांबले. चहा निवला होता, तरी त्यांनी एक घोट घेतला. "तासभर बघितली वाट. मग ऊन तिच्या तोंडावर आलं आणि तिने मान वळवली नाही. तेव्हा कळलं."

लेक येऊन दुसऱ्या खुर्चीत बसली. बसली म्हणजे खुर्चीच्या कडेवर टेकली, आता लगेच उठायचंय अशी. पलीकडच्या घरात कोणीतरी गादी झोडपत होतं. तो आवाज थांबला.

"सहलीला तिलाच जायचं नव्हतं ना, बाबा?"

ड्रायव्हरांनी भिंतीकडे पाहिलं.

"माझे गुडघे दुखत होते," ते म्हणाले.

लेकीने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मघाशी हे गुडघे उकिडवे बसून, कशाचाही आधार न घेता उठले होते, ते तिने पाहिलं होतं. फक्त तेव्हा ती रागात होती. तिच्या डोळ्यांत पाणी भरून आलं आणि त्यातूनच ती हसली.

"दुखत असतील," ती म्हणाली. "आता बरे आहेत का?"

"आता बरे आहेत."

तिने ते तिथेच सोडलं. ड्रायव्हरांना आपल्या पोरीचा अभिमान वाटण्याचे प्रसंग पुष्कळ आले होते. परीक्षा, नोकरी, स्वतःचं घर. पण हिने हे जसं सोडलं, तसं बाकी काहीच त्यांना आतपर्यंत जाऊन भिडलं नव्हतं.

"बॅगा राहू देत आज," ती थोड्या वेळाने म्हणाली. "तुम्ही इथेच राहा. मीच येत जाईन. पण फोन करायचा हं रोज. आणि जेवण नीट. आणि रात्री दाराला..." ती बोलत राहिली, एकामागून एक, आईच्याच सुरात. ड्रायव्हर प्रत्येकाला "बरं" म्हणत गेले. हळूहळू सूचनांमधली अंतरं वाढली. ती खुर्चीत मागे सरकली, पाठ टेकली, पायातल्या चपला तिने एकमेकींवर ढकलून काढल्या. तिने गॅसच्या शेगडीबद्दल काहीतरी म्हणायला सुरुवात केली आणि तिला झोप लागली.

ड्रायव्हर तिच्याकडे बघत राहिले. कपाळावर दोन आठ्या होत्या, त्या झोपेतही उतरल्या नव्हत्या. केस पांढरे व्हायला लागले होते. हे त्यांना माहीत नव्हतं.

आत तिचा फोन वाजला. थांबला, पुन्हा वाजला. ड्रायव्हर हलक्या पावलांनी आत गेले आणि त्यांनी तो उचलला. ऑफिसातून कोणी बाई बोलत होत्या. मॅडमशी जरा तातडीचं होतं म्हणाल्या.

"झोपली आहे ती," ड्रायव्हर म्हणाले.

"झोपल्यात? आत्ता? दुपारी?"

"हो."

"जरा उठवता का प्लीज? दोनच मिनिटं लागतील."

"नाही उठवत," ते म्हणाले. आवाज त्यांनी चढवला नाही. "उठली की सांगतो."

त्यांनी फोन उशीखाली ठेवला, दार अर्धं ओढून घेतलं आणि ते अंगणात परत आले. लेक तशीच होती. मान एका बाजूला कलली होती, हात मांडीवर उताणे पडले होते. ड्रायव्हरांनी आपली खुर्ची उचलून, जमिनीवर घासू न देता, तिच्या अगदी जवळ आणून ठेवली. बसले. वाकून पाहिलं. तिच्या खांद्यावरून ओढणी पुढे आली होती, आणि ती ओढणी वर जात होती, खाली येत होती. वर जात होती, खाली येत होती.

भिंतीवर मांजर येऊन बसलं. पलीकडे कोणीतरी कोणाला हाक मारली. ड्रायव्हरांनी तिकडे पाहिलं नाही. ऊन भिंत सोडून जाईपर्यंत ते त्या ओढणीकडे बघत राहिले.