जमिनीला पाय न लावता

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मोटरहोडी आहे. बंदरातल्या शेडमध्ये उपडी पडलेली दिसते ना, ती मीच. पण माझा जन्म इथला नाही. शेजारच्या देशातल्या गोदीत सुतारांनी मला फळीला फळी जोडून घडवलं आणि नौदलाच्या मोठ्या जहाजावर टांगलं. जहाजावरून किनाऱ्यावर माणसांची ने-आण करणं हे माझं काम. मला चालवणारा तांडेल मला रोज स्वतः पुसायचा. "ही माझी थोरली लेक," म्हणायचा. लाड कुणाला आवडत नाहीत?

मग इथे भूकंप झाला. त्या धक्क्याने बंदराचा धक्काच समुद्रात गेला. तेव्हा या दोन देशांमध्ये विळ्याभोपळ्याचं नातं होतं. तरीही आमचं जहाज औषधं आणि डॉक्टर घेऊन आलं आणि किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात थांबलं. थांबलं ते थांबलंच, कारण उतरायची परवानगीच येईना. माझ्यात मलमपट्ट्यांची खोकी भरून ठेवली होती आणि मी तशीच लोंबकळत होते. समोर पडक्या घरांवर धुळीचे लोट उठत होते. जहाजावरच्या डॉक्टरीणबाई कठड्यापाशी येरझारा घालत होत्या. माझ्या तर जिवाचं पाणी पाणी होत होतं.

शेवटी इथले बंदर अधिकारी एका मच्छीमाराच्या होडीतून आले. त्यांच्या केसांतसुद्धा सिमेंटची धूळ होती. दोन्हीकडच्या भाषा एकमेकांना कळण्याइतक्या जवळच्या.

"मदत हवीच आहे," ते आमच्या कप्तानाला म्हणाले, "पण तुमच्या माणसाचा पाय आमच्या जमिनीला लागता कामा नये. वरचा हुकूम आहे."

कप्तान कठड्यावरून खाली पाण्याकडे पाहू लागला. मग म्हणाला, "जमिनीलाच ना? मग आम्ही पाण्यात उभे राहू. तुम्ही जखमींना पाण्यापर्यंत आणा."

आणि तसंच झालं. खलाशी कमरेइतक्या पाण्यात मला धरून उभे राहिले. वाळूवर बंदूकधारी पहारेकरी आणि बंदर अधिकारी उभे. गावकरी मोडक्या दारांवर जखमींना घालून आणत, खलाशी त्यांना अलगद उचलून माझ्यात ठेवत. पहारेकऱ्यांची नजर खलाशांच्या पायांवरून हलत नव्हती. एखादी लाट जोरात आली आणि कुणी पुढे ढकललं गेलं तर? मला दुसरं काही सुचत नव्हतं.

अशाच एका खेपेला एका शिवणकाम करणाऱ्या बाईला आणलं. तिचा पाय भिंतीखाली चेंगरला होता. सोबत तिची सासू होती. "सासूबाई, तुम्ही घरी जा," ती कण्हत म्हणाली.

"घर आहे कुठे जायला? गप पडून राहा!" सासूबाई डाफरल्या आणि माझ्यात चढून बसल्या.

तेवढ्यात जमीन पुन्हा हादरली. पाठोपाठ पाणी सरसर मागे सरकलं. खलाशांच्या कमरेवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून घोट्यावर आलं, आणि मी वाळूत रुतले. आता खलाशी कोरड्यावर उभे होते! पहारेकऱ्यांनी बंदुका उचलल्या.

"लाट येणार!" तांडेल ओरडला. "ही होडी आता हलायची नाही. जखमींना टेकडीवर न्यावं लागेल. साहेब, वर येऊ का?"

अधिकारी एकदा समुद्राकडे, एकदा पहारेकऱ्यांकडे पाहू लागले. सासूबाई कडाडल्या, "जमीन कुणाची ते नंतर ठरवा! आधी माझ्या सुनेला उचला!"

"बंदुका खाली!" अधिकारी ओरडले. "या, सगळे वर या!"

त्यांनी स्वतः त्या बाईच्या खाली हात घातला. खलाशी, पहारेकरी, गावकरी, सगळे जखमींना उचलून टेकडीकडे धावले. तांडेलाने एकदाच वळून माझ्याकडे पाहिलं. मी एकटी उरले. समोरून पाण्याची भिंत येत होती. मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा मी एका गोदामाच्या भिंतीला जाऊन आदळले होते आणि माझी एक कूस फुटली होती. माणसं मात्र सगळी वाचली होती.

पाणी ओसरल्यावर अधिकारी माझ्याच काठाला टेकून वायरलेसवर बोलत होते. पलीकडून दरडावणारा आवाज आला, "परके सैनिक जमिनीवर उतरले?"

"हो. मीच बोलावलं," अधिकारी म्हणाले. "नसतं बोलावलं तर आमचीच माणसं गेली असती."

पलीकडे कुणाकुणाला विचारल्याची कुजबुज ऐकू आली. मग आवाज आला, "आता आलेच आहेत तर त्यांना राहू द्या."

त्या दिवशी डॉक्टरीणबाई उतरल्या आणि त्यांनी शाळेच्या पटांगणात तंबू ठोकला. त्या बाईचा पाय वाचला. तांडेलाने आणि इथल्या सुताराने मिळून माझी कूस सांधली. निघताना कप्तानाने मला या बंदराला भेट दिली. "लेक सासरी दिली," तांडेल म्हणाला आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागला.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी वादळात सापडलेल्यांना सोडवून आणलं. लोकांनी मला हार घातले. पण पुढे आपत्ती येईनाशी झाली, तशी मी विस्मरणात गेले. लाकडी होडी कोरडी पडली की तिच्या फळ्या उलतात, सांध्यांत फटी पडतात. आता माझ्यावर रिकामी खोकी रचतात.

मित्रांनो, संकटात कामी येणाऱ्या वस्तू संकट नसतानाच जपायच्या असतात. आणि शेजाऱ्याशी बोलणंही तसंच चालू ठेवावं, ऐन वेळी शब्द शोधत बसायला वेळ नसतो. गेल्या आठवड्यात शेडची जमीन जराशी थरथरली. कुणाला कळलंही नाही, पण मला कळलं. एकदा येऊन माझ्या फटी बुजवून जाल का?