माश्यांसाठी थाळी

आमच्याकडे काशाची थाळी पुढच्या दारात वाजवली की त्याचा अर्थ एकच असतो, घरात मूल जन्मलं. चैत्रातल्या त्या रविवारी माझ्या सासूबाई ती थाळी कडाकडा वाजवत होत्या, आणि घरात मूल सोडाच, मुलाची चाहूलसुद्धा नव्हती. माझ्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती, पाळणा काही हलला नव्हता. म्हणून तर त्याच सकाळी सायखेड्याहून बाळाजीपंत यायचे होते, सवतीवर आपली मुलगी द्यायची बोलणी करायला. ती सवत म्हणजे मी.

नीट सांगते, नाहीतर माझ्यासारखा तुमचाही गोंधळ व्हायचा.

आमचे हे, उपेंद्र, नाशकात कचेरीत कारकून. त्या वर्षांत ग्रामोद्योगाचं वारं सुटलं होतं. कुणी हातकागद धरला, कुणी तेलाचा घाणा, ह्यांनी मधमाश्या धरल्या. रजा काढून तालीम घेऊन आले आणि आळीच्या तोंडाशी राहणाऱ्या इब्राहिम सुताराकडून पेटी करून घेतली. पण पेटीला माश्या मिळेनात. परसात ती रिकामी पडून होती, आणि हे कचेरीतून आले की आधी तिच्यावर हात फिरवायचे. मला त्या लाकडाचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला की हे ताटातलं मीठ बोटानं सारखं करत बसायचे. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. सासूबाईंनी त्याचा होकार धरला आणि सायखेड्याला निरोप धाडला. त्या वाईट नव्हत्या. एकुलता एक मुलगा, नातू पाहायची आस, त्यात नवल काय? चीड मला ह्यांची यायची. इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलेल्या माणसाला एक शब्द बोलता येऊ नये?

तर त्या सकाळी मी पुरण वाटत होते. येणाऱ्या बाईच्या बापासाठी पुरणपोळी, आणि करणार कोण, तर मी. डोळ्यांतलं पाणी पाट्यावर पडू नये म्हणून मान वर केली तेव्हा परसावर आभाळ तपकिरी झालेलं दिसलं. घूं घूं असा आवाज भरून राहिला होता. या दिवसांत मोहोळ माश्यांनी भरून वाहायला लागलं की जुनी राणी निम्मी प्रजा घेऊन नवं घर शोधायला निघते, हे ह्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. तीच निघाली होती, आणि आमच्या शेवग्यावर घिरट्या घालत होती.

हे ओल्या केसांनीच धावत आले. माझ्या हाती पाण्याची कळशी दिली, वर शिंपडत राहा म्हणाले, म्हणजे माश्या दूर जात नाहीत. मग आत तोंड करून ओरडले, "आई, काशाची थाळी घे आणि पुढच्या दारात उभी राहून वाजव. थाळीनं माश्या खाली उतरतात."

माश्या घरी चालत येणं म्हणजे लक्ष्मीचं येणं, असं सासूबाई मानत. त्या पळीनं थाळी बडवत दारात उभ्या राहिल्या. माश्या मागच्या परसात आणि थाळी पुढच्या दारात, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. पण विचारायला सवड कुठे होती? मी पाणी मारत होते, पदर भिजला होता, पुरण पाट्यावर तसंच होतं.

थोड्या वेळानं माश्या खरंच शेवग्याच्या फांदीला लोंबल्या, भोपळ्याएवढा घड. इब्राहिमभाई शिडी घेऊन हजर झाले आणि हसून ह्यांना म्हणाले, मुबारक. ह्यांनी शिडी फांदीला टेकवली. आतून मध चोळलेली टोपली घेऊन शिडीवर चढले, ती घडावर उपडी धरली आणि कडुलिंबाच्या डहाळीनं माश्यांना खालून अलगद वर सारू लागले. हात उघडे. माश्यांना अंधाराकडे चढायची सवय असते, त्या टोपलीत शिरू लागल्या.

मी कळशी भरायला आत आले तर माजघरात आळीतल्या बायका. पुढे हाजराबी, इब्राहिमभाईंच्या घरच्या, हातात बत्ताशांची पुडी. "मुबारक हो वैनी," म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून त्यांचे हात तिथेच थांबले. कालच तर त्यांनी मला घाटावर धुणं धुताना पाहिलं होतं. मग त्यांनी विचारलं, नणंदबाई बाळंतपणाला आल्यात का? मी नाही म्हटलं. मागून सिंधुबाई विचारायला लागल्या, मग कोण बाळंत झालं? सरुबाईंनी तर कुणाचं काय हे न विचारताच मूठभर साखर घेऊन आळीत वाटायला सुरुवात केली होती. मी प्रत्येकीला सांगत होते, नाही हो, कुणाला काही झालेलं नाही, माश्यांसाठी आहे. आणि जी ती माझ्या पोटाकडे बघत होती. मला मरण बरं वाटलं. आणि तरी सांगते, हाजराबींनी मुबारक म्हटलं त्या क्षणी माझ्या अंगावरून सुखाचा काटा गेला होता. असा काटा येतो हेही मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात टांगा थांबला. बाळाजीपंत उतरतात न उतरतात तो सरुबाईंनी त्यांच्या तळहातावर साखर ठेवली आणि सांगितलं, उपेंद्राच्या घरी मुलगा झाला. मुलगा हे कुठून आणलं, त्यांचं त्यांना ठाऊक.

बाळाजीपंत दारात आले. त्यांनी थाळीकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, हाजराबींच्या बत्ताशांकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "सून वांझ आहे म्हणून माझी मुलगी मागितलीत, आणि इथं थाळी वाजते आहे."

सासूबाई घाम पुसत म्हणाल्या की थाळी माश्यांसाठी आहे. थाळी त्यांच्या हातातच होती. बाळाजीपंतांनी एवढंच उत्तर दिलं की वयानं मोठ्या माणसानं असं खोटं बोलू नये. सासूबाई रडवेल्या झाल्या. त्यांनी परसाकडे तोंड करून हाक मारली, उपेंद्रा, लवकर ये, तूच सांग ह्यांना.

शिडीवरून उत्तर आलं, "आई, राणी अजून आत गेली नाही. मला हलता येत नाही."

मी तेव्हा मागच्या दाराच्या चौकटीत उभी होते. टोपली मला स्पष्ट दिसत होती. कडेला माश्या शेपटं वर करून पंख हलवत होत्या आणि उरलेल्या एकामागून एक वर चढत होत्या. राणी आत गेली की असं होतं, हे मला ह्यांनीच शिकवलं होतं. राणी केव्हाच आत होती.

टांगा वळला तो थेट स्टेशनाच्या रस्त्याला लागला. सासूबाई दारातच बसल्या. आनंद व्हावा की भीती वाटावी, मला कळेना. हा माणूस माझ्यासाठी तिथे उभा आहे की माश्यांसाठी, हेच कळेना.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ह्यांनी टोपली पेटीवर झटकली, चौकटी सारख्या केल्या, झाकण ठेवलं. पेटीच्या दारातून माश्या आतबाहेर करू लागल्या. मी जवळ जाऊन विचारलं, थाळी वाजवल्यानं माश्या खरंच उतरतात का?

"नाही," हे म्हणाले. "तालमीत सांगितलं होतं, त्यांना ऐकूच येत नाही."

मी पेटीच्या दाराकडे बघत राहिले. ह्यांना वाटलं असावं, मी खूश झाले. झालेही होते. पण त्याच्या वरताण रागानं माझे कान तापले होते.

"आळीभर बायका माझं पोट बघून गेल्या," मी म्हणाले. "मी एकेकीला नाही हो, नाही हो, म्हणत होते. तुम्ही एकदा, एकाच माणसाला नाही म्हणायचं होतं. ते तुम्ही आईकडून थाळी वाजवून करून घेतलंत. उद्या दुसरा कुणी बाळाजीपंत येईल. तेव्हा काय वाजवायचं?"

हे घरात वळले. उघड्या हातांनी माश्या हाताळणारा माणूस, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेला तेव्हा त्यानं आधी चौकट धरली. मी मागेच होते. आज मी पदर ओढून बाजूला झाले नाही.

"आई," हे म्हणाले, "मला दुसरं लग्न करायचं नाही. मूल होवो न होवो. आता नाही आणि पुढेही नाही."

सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. लाकूड आत सारत म्हणाल्या, "हे सकाळी सांगता आलं नाही? हात भरून आले रे माझे, वाजवून वाजवून."

मी खोबरेल कोमट केलं आणि त्यांच्यासमोर बसले. त्यांनी आधी उजवा हात पुढे केला, मग डावा. मी चोळत राहिले.