किल्लीवरून सुटलेलं बूच

मित्रांनो, बूच म्हटलं की तुम्हाला बाटली आठवेल. मी मात्र होडीचं बूच आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. अंगठ्याएवढं काळं रबर आणि डोक्यावर पितळेची कळ, एवढाच माझा जीव. कळ दाबली की रबर फुगतं आणि भोक गच्च बंद होतं.

होडीला भोक कशाला, असं तुम्ही म्हणाल. आत साचलेलं पाणी घरी आल्यावर वाहून जावं म्हणून होडीच्या मागच्या टोकाला, तळाशी, ते ठेवलेलं असतं. घरी असताना मी बाहेर, तळ्यात असताना मी आत. हा नियम चुकला तर काय होतं, ते मी पाहिलं आहे. अजून आठवलं की माझं रबर आकसतं.

अमेरिकेत, केंटकीतल्या एका दुकानात मी खिळ्यांशेजारी लटकत होतो. ऑर्विल टॅकेट यांनी मला दाबून पाहिलं आणि म्हणाले, "बेटा घट्ट आहे!" त्यांनी मला पिकअप गाडीच्या किल्लीला अडकवलं. होडी गाडीमागे ओढत आणायची, तळ्यात उतरणाऱ्या उतारावर गाडी थांबवून किल्ली काढली की मी हातात येणारच, मग विसरणार कसे?

दर मे महिन्यात टॅकेट कुटुंब तळ्याकाठच्या सरकारी उद्यानात तंबू ठोकायचं. सकाळी तव्यावर बेकन तडतडायचं, मग सगळे बास नावाचे मासे धरायला निघायचे. होडी पाण्यात सोडण्याआधी ऑर्विल यांची बायको नदीन दर वेळी विचारायची, "ऑर्विल, बूच?" ते किल्ल्या खुळखुळवायचे. "हे काय, निघालेत साहेब कामावर!" तो साहेब म्हणजे मी. तेव्हा माझा रुबाब काय वर्णावा!

मग ऑर्विल गेले. त्यांच्या मुलानं, क्लिंटनं, नवी पिकअप घेतली. ती नुसतं बटण दाबलं की सुरू होते, किल्ली खिशातून काढावीच लागत नाही. त्यानं मला सोडवलं आणि गळांच्या पेटीत टाकलं. मासे भुलावेत म्हणून लसणाचा वास लावलेल्या रबरी गांडुळांच्या शेजारी माझा हिवाळा गेला. कुणी आठवण काढली नाही.

पुढच्या मे महिन्यात होडी उतारावर आली. पेटीच्या पारदर्शक झाकणातून मला सगळं दिसत होतं. मागे गाड्यांची रांग लागली होती. कुणीतरी भोंगा वाजवला. नदीनआजींनी तोंड उघडलं, तोच क्लिंट उखडला, "आई, आता तुझं ते सुरू करू नकोस हं! लोक खोळंबलेत. मी काय कुकुलं बाळ आहे?"

आजींनी तोंड मिटलं. स्वतःचं तरंगायचं जॅकेट उशीसारखं बुडाखाली घेऊन बसल्या. त्यांना पोहता येत नव्हतं. नातीला, मेसीला, तिचं जॅकेट घातलेलं होतं.

होडी पळत होती तोवर पाणी आत टिकत नव्हतं, भोकातून मागे खेचलं जात होतं. पण तळ्याच्या एका लांबच्या कोपऱ्यात, बुडालेल्या झाडांपाशी, क्लिंटनं इंजिन बंद केलं. तिथे दुसरी होडी नव्हती. आणि मला फळ्यांखालून आवाज आला. बुडुक. बुडुक.

क्लिंटनं पेटी उघडली. त्याचं बोट माझ्या कळेवरून गेलं. मी जीव तोडून ओरडलो, पण बुचाला कंठ कुठला! त्यानं माझ्या अंगावरचं एक गांडूळ उचललं आणि झाकण लावलं. थोड्या वेळानं परत तेच. पाणी चढतच होतं.

"लागला! बाबा, लागला!" मागच्या टोकाला बसलेली मेसी किंचाळली. तिची गळाची काठी कमानीसारखी वाकली. क्लिंट मागे धावला, आजी जाळी घेऊन धावल्या. तिघांच्या वजनानं मागची बाजू दबली.

"क्लिंट, माझे मोजे भिजले."

"माशानं पाणी उडवलं असेल, आई."

"मासा काय पायाखालून उडवतो का रे?"

क्लिंटनं फळी उचलली. खाली काळं पाणी होतं आणि बॅटरी त्यात बुडालेली. त्यानं इंजिनाचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

"क्लिंट," आजी अगदी हळू म्हणाल्या, "बूच?"

त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "कुठे ठेवलं तेच आठवत नाही, आई." तो खिसे चाचपू लागला. "मेसी, पुढच्या टोकाला जाऊन बस, हलू नकोस! आई, तू आधी जॅकेट घाल!"

तेवढ्यात होडी कलली आणि पेटी उलटली. गांडुळं तरंगली. मी नाही तरंगत, मित्रांनो. मी घरंगळत होडीच्या काठाकडे निघालो. काठापलीकडे थेट तळ्याचा तळ होता. आजी गुडघ्यांवर बसल्या आणि सांडलेल्या गळांमध्ये त्यांनी हात घातला. एक गळ तळव्यात रुतला. तरी त्यांनी मला मुठीत धरलं.

"हा घे तुझ्या बापाचा दागिना!"

क्लिंटनं खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. घाईत मी भोकावरून एकदा निसटलो. दुसऱ्यांदा बसलो. कळ दाबली गेली आणि मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून फुगलो. बुडबुड थांबली. मग आमिषाची बादली, थर्मासचं झाकण, मेसीची टोपी, मिळेल त्यानं पाणी उपसलं. मासा केव्हाच पळाला होता. वल्ही मारत मारत ते काठाच्या चिखलात पोचले.

आजींच्या तळव्यातला गळ काढताना क्लिंटला रडू फुटलं. "का नाही विचारलंस, आई?"

"तू नको म्हणालास ना, बाळा."

आता मी बुटाच्या नाडीत ओवलेला, नदीनआजींच्या गळ्यात असतो. उतारावर क्लिंट गाडी थांबवतो. मागे कितीही भोंगे वाजोत. "आई, विचार."

"बूच?"

तो मला भोकात बसवतो आणि आजींचा हात धरून माझ्या कळेवर ठेवतो. त्या तळव्यावरचा वण मला ओळखू येतो.

मित्रांनो, माझी भीती मात्र गेलेली नाही. रबराला बारीक चिरा पडू लागल्या आहेत. माझ्यासारखं कुणी तुमच्याकडे असेल तर दर वेळी वाकवून पाहत जा. चीर दिसली तर खुशाल नवं आणा, मला राग नाही. आणि तोच तोच प्रश्न विचारणारं माणूस घरात असेल तर त्याला गप्प करू नका. त्या दिवशी पाणी भोकातून आत शिरलं हे खरं. पण आम्ही बुडायला लागलो होतो ते आधीच, उतारावर, आजींनी तोंड मिटलं तेव्हा.