सुक्या बोंबलांची तपासणी

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. फणसाच्या लाकडाचं, पण एका पायाने लंगडं. थळच्या एका सुताराने मला शाळेसाठी घडवलं. तिथल्या मुलांनी कर्कटकाने माझ्यावर नावं कोरली, ती मला अजून गुदगुल्या करतात. पुढे शाळेत लोखंडी टेबलं आली आणि माझी रवानगी मांडव्याच्या जेट्टीवर झाली. मुंबईच्या बोटीत चढणाऱ्यांच्या पिशव्या माझ्यावर ठेवून तपासायच्या, हे माझं नवं काम.

मला वाटलं, आता तऱ्हेतऱ्हेच्या पिशव्या बघायला मिळणार. कसलं काय! पहारेकरी काळूराम मनाने वाईट नव्हता, पण दाढी किंवा बुरखा दिसला की तेवढ्यांनाच थांबवायचा. बाकीचे गप्पा मारत पुढे जायचे. मला फार लाज वाटायची. पण टेबलाच्या लाजेला विचारतो कोण?

बुरख्यात येणाऱ्या सकीनाचाचीची पिशवी तर तो दर खेपेला उघडायचा. सामान परत भरताना तिचे हात थरथरायचे. एकदा त्या उघडझाकीत तिची बोटही चुकली.

एके दिवशी ती नातीसाठी नवी ओढणी घेऊन, फणसाच्या सांदणांचा डबा सांभाळत आली. बोटीचा भोंगा वाजत होता.

"चाची, पिशवी ठेवा," काळूराम म्हणाला.

"बेटा, आज नातीची मंगनी हाय. ही बोट गेली तर मी पोचायची न्हाय."

"नियम आहे, चाची."

तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या सगुणा कोळणीने सुक्या बोंबलांची टोपली धप्पकन माझ्यावर आदळली.

"नियम हाय ना, काळूराम? मग माझी टोपली रोज कशी सुटते रं? घे, एकेक बोंबील बघ!"

काळूरामने नाक दाबलं. तिच्या मागून मृणाली मास्तरणीने पर्स ठेवली, मग कुणी आंब्याची पेटी. माझा लंगडा पाय कुरकुरला, पण मी आनंदाने उभं राहिलं.

"बघा सावकाश!" खलाशी बोटीतून ओरडला. "सगळ्यांना घेतल्याबिगर बोट हलायची न्हाय!"

सगळी रांग हसत सुटली. काळूरामचे कान लाल झाले. "चुकलं माझं, चाची," तो म्हणाला, आणि एकामागून एक सगळ्यांचं सामान बघू लागला. बोट उशिरा सुटली, पण चाचीला घेऊन सुटली. जाता जाता तिने त्याच्या हातावर एक सांदण ठेवलं.

तेव्हापासून माझ्यावर सगळ्यांच्याच पिशव्या येतात. मित्रांनो, जमलं तर माझ्या लंगड्या पायाखाली एक लाकडाचा तुकडा सरकवा, काम फार वाढलंय. आणि तपासणी जरूर करा, पण माणसाचा चेहरा बघून नको. चाची आता रांगेत सगुणाशी गप्पा मारत येते आणि न सांगता पिशवी उघडते. सामान परत भरताना तिचे हात थरथरत नाहीत.