पहिलं पाणी ओसरल्यावर

बंदराच्या रस्त्यावर त्यांचं सलून होतं आणि मागच्या दोन खोल्यांत घर. चाळीस वर्षं वस्तरा चालवून म्हाताऱ्याचे हात थरथरायला लागले, तेव्हा सुनेनं दुकान हातात घेतलं. मुलगा जहाजावर आचारी, वर्षातून दोनदा घरी यायचा. बाईकडून दाढी करून घ्यायला लोक आधी बिचकले, मग तिच्याच खुर्चीसाठी थांबायला लागले. म्हातारा कोपऱ्यात बसून जुने किस्से ऐकवायचा. ती दटावायची, "बाबा, हसवू नका हो, कुणाला तरी वस्तरा लागेल."

त्या दिवशी दहाच्या सुमाराला जमीन हलली. आरसे खडखडले, बाटल्या खाली येऊन फुटल्या. खुर्चीतला पोस्टमास्तर अर्ध्या गालावरच्या साबणासकट बाहेर पळाला. हादरे थांबता थांबेनात. थांबले तशी सून म्हणाली, "उठा बाबा, टेकडीवर जायचंय. समुद्राचा भरवसा नाही."

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही."

काखेत हात घालून तिनं त्याला टेकडीच्या सगळ्या पायऱ्या चढवल्या. वर पाण्याच्या टाकीपाशी अर्धा गाव जमला होता.

वीसेक मिनिटांनी पाणी आलं. काळं, गुडघाभर. रस्त्यावरून फिरलं, दोन हातगाड्या उलट्या केल्या आणि परत गेलं.

"एवढंच?" कुणीतरी म्हणालं. लोक हसले. पोस्टमास्तरच्या गालावर वाळलेला साबण बघून आणखीच हसले. काही जण घरं बघायला खाली उतरले.

म्हातारा मात्र तोंडावर हात धरून गप्प. सुनेच्या ते लक्षात आलं. "काय झालं? दुखतंय का कुठं?"

"दात राहिले गं," तो बोळक्या तोंडानं पुटपुटला. "मोरीपाशी, पेल्यात. सगळा गाव बघतोय."

ती खळखळून हसली. "एवढंच ना? आत्ता आणते."

तो नको म्हणाला नाही. उलट मागून म्हणाला, "चष्मापण बघ. उशाशी असेल."

काही वेळानं टाकीपाशी कुजबुज सुरू झाली. खाडी रिकामी होत होती. होड्या चिखलात कलंडल्या होत्या. मग सगळे एकदम ओरडायला लागले, "वर या! वर या!" म्हाताऱ्याला काहीच नीट दिसेना. त्यानं पोस्टमास्तरचं मनगट धरलं. "कुठंय ती?"

"निघाली. दुकानातून निघाली. पळतेय. आली, कोपऱ्यापर्यंत आली..."

"मग?"

खालून इमारती कोसळाव्यात तसा आवाज येत राहिला.

ती चौथ्या दिवशी मासळीबाजाराच्या मागं सापडली. एप्रनच्या खिशात कवळी होती, स्वच्छ टॉवेलात गुंडाळलेली. मुठीत चष्मा. तो शोधण्यातच तिचा वेळ गेला असणार.

मुलगा पोचला तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. शाळेच्या वर्गात, बाकं बाजूला सारून घरं गेलेल्या लोकांना ठेवलं होतं. वाटेत कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की खाली अडकलेल्यांना हाक द्यायला ती गेली होती. तो बापाजवळ बसला आणि म्हणाला, "दुसऱ्यांसाठी गेली म्हणे."

म्हाताऱ्याला मान डोलावता आली असती. गावानं आयती गोष्ट रचून दिली होती, पोस्टमास्तरही तोंड उघडणार नव्हता.

"नाही रे. माझ्या दातांसाठी गेली. मी पाठवली. वर चष्माही सांगितला."

मुलगा उठून बाहेर गेला. दोन दिवस तो बापाशी अवाक्षर बोलला नाही. ताट आणून पुढं ठेवायचा, भात कुस्करून पातळ केलेला असायचा, पण बसायचा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हाताऱ्यानं ती कवळी पुन्हा घातली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो जवळ येऊन उभा राहिला.

"जाताना चिडली होती का?"

"छे. हसत गेली."

मुलगा भिंतीला टेकून खाली बसला आणि आल्यापासून पहिल्यांदाच रडला. बापानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मुलानं तो झटकला नाही, पण आपला हातही पुढं केला नाही. वर्गात लोक येत-जात होते. ते दोघं तसेच बसून राहिले.