सोनेरी सूर्याखालचा लोहार

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे, आणि मी रागावलेला आहे. जुन्या वस्तू जशा हळव्या सुरात बोलतात, तसं मला आज जमणार नाही.

माझा जन्म एका पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात झाला. जाड कापड, वर-खाली लाकडी दांडे आणि टांगायला सुतळी. रंगाऱ्याची धाकटी बहीण शाळेत इतिहास शिकवायची, मुलं तिला 'बाई' म्हणत. प्राचीन ग्रीसचा धडा आला की मुलं जांभया देत, म्हणून तिने दादाकडे हट्टच धरला, ग्रीकांचे सगळे देव एका कापडावर काढून दे. त्याने काढले. ऑलिंपस पर्वतावर वीज हातात धरलेला झ्यूस, शेजारी तोऱ्यात बसलेली त्याची राणी हेरा, समुद्रातून वर आलेला पोसायडन, हातावर घुबड घेतलेली अथेना. शेवटी कोपऱ्याची जागा उरली.

"इथे हिफेस्टस," बाई म्हणाल्या. "देवांचा लोहार. त्याचा पाय वाकडा काढ हं."

"देव आणि लंगडा?" रंगाऱ्याने कुंचला थांबवला. "काहीतरीच काय!"

"खरंच. म्हणून तर आईने, या हेराने, त्याला जन्मल्याबरोबर डोंगरावरून खाली फेकलं."

त्या एका देवात रंगारी इतर सगळ्यांपेक्षा जास्त रमला. वाकडा पाय, पिळदार दंड, हातोडा आणि भट्टीच्या उजेडात तांबूस झालेला चेहरा. माझ्या अंगावरचं सगळ्यांत चांगलं चित्र तेच होतं.

पुढची काही वर्षं माझी चंगळ होती. मला उलगडायला मुलांची झुंबड उडे. झ्यूस नव्या लग्नाला निघाला की वर्ग खो खो हसे, पाताळाचा देव हेडीस याने पर्सेफोनीला पळवून नेलं की चिडीचूप होई. दुसऱ्या वर्गातले शिक्षकही दारात उभे राहून ऐकत.

मग वर्गात ती मुलगी आली. काखेत कुबडी, शिवणकाम करणाऱ्या मावशीने वाढवलेली. कुबडीच्या आवाजावरून पोरांनी तिचं नाव 'टकटक' ठेवलं. ती कोणाशी फारशी बोलत नसे. पण लोहाराची गोष्ट झाली त्या दिवशी सुट्टीत ती एकटी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि त्याच्या वाकड्या पायावर तिने बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती बाईंना म्हणाली, "ही गोष्ट मला सांगायचीय. सगळ्यांसमोर."

शाळेचं नवं सभागृह तयार होत होतं. उद्घाटनाला पाहुणे येणार होते आणि बाईंच्या वर्गाने ग्रीक देवांच्या गोष्टी सांगायच्या असं ठरलं. बाईंनी लोहाराची गोष्ट तिला दिली. तिने ती पाठ केली नाही, अगदी आपलीशी केली. मावशीने तिच्यासाठी निळा झगा शिवला.

आदल्या दिवशी मुख्याध्यापिका मला बघायला आल्या. कोपऱ्यापाशी त्यांचे डोळे अडले.

"हे काय ध्यान? पाहुण्यांना हे दाखवायचं? झाकून टाका. आणि त्या मुलीला स्टेजवर चढवू नका. पायऱ्या उंच आहेत, लोक बघत बसतील. तिला वाईट वाटू नये म्हणूनच म्हणतेय हो मी."

बाई म्हणाल्या, "बरं."

बरं! मित्रांनो, त्या एका शब्दाचा मला जितका संताप आला, तितका मुख्याध्यापिकांच्या सगळ्या भाषणाचाही आला नाही. ज्या बाईंनी हट्टाने हा लोहार रंगवून घेतला, त्यांनीच तो अख्खा झाकेल असा सोनेरी कागदाचा सूर्य त्याच्या तोंडावर चिकटवला. डिंक थंडगार होता. मी आतल्या आत जळत होतो.

मुलीला दुसऱ्या दिवशी दारातच सांगण्यात आलं, तुझी गोष्ट होणार नाही. ती मावशीशेजारी मागच्या रांगेत बसली, निळ्या झग्यात.

कार्यक्रम सुरू झाला. बाईंची पट्टी एकेका देवावर फिरत सूर्यापाशी आली, तसा पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "बाई, इथे लोहार होता ना?"

"पुढे बघा," बाई म्हणाल्या. पट्टी घाईने पुढच्या देवाकडे सरकली.

तेवढ्यात मागून टक, टक ऐकू आलं. मावशीने तिला अडवलं नाही. मुलगी पायऱ्यांपाशी आली. बाईंनी हात पुढे केला.

"नको," ती म्हणाली. कुबडी वर सरकवून, बसत बसत, हातांच्या जोरावर एकेक पायरी चढली. लोक बघत बसले. बसू देत की! मग तिने सूर्याचं टोक धरलं आणि ओढलं.

कागदाबरोबर लोहाराचा चेहराही निघून आला. उरला हातोडा आणि वाकडा पाय. ती क्षणभर गांगरली. मग माइककडे वळली.

"याला आईने फेकलं. समुद्रातल्या देवींनी वाढवलं. मोठा झाल्यावर याने आईला सोन्याचं सिंहासन पाठवलं. ती बसली, आणि तिला उठताच येईना. सगळे देव म्हणाले, आईला सोड. हा म्हणाला, मला आई नाही."

मुख्याध्यापिकांनी खूण केली आणि माइक बंद झाला.

ती ओरडून बोलू लागली. "शेवटी आईला सोडवायला याला दारू पाजून, गाढवावर घालून नेलं! शुद्धीत असता तर गेला नसता!"

कोणीतरी हसलं. टाळ्या वाजल्या नाहीत. मावशी तेवढी उठून उभी राहिली आणि लेकीला घ्यायला पुढे आली.

"रंग निघालेला तक्ता बरा दिसत नाही," असं म्हणून मुख्याध्यापिकांनी मला अडगळीत टाकायला लावलं. मोडक्या बाकांखाली उंदरांनी माझी सुतळी खाल्ली, ओल दांड्यापर्यंत चढली. त्या अंधारात मी कोणालाही माफ केलं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी दार उघडलं. बाई, रंगारी आणि ती मुलगी.

"माझं चुकलं गं," बाई म्हणाल्या. मुलीने उत्तर दिलं नाही. मला ते आवडलं.

रंगाऱ्याने डबे उघडले. "चेहरा कसा काढू? हसरा?"

"नको. रागावलेला."

त्याने तसाच काढला. सोमवारी बाईंनी नवी सुतळी बांधून मला स्वतः वर्गात टांगलं. मुख्याध्यापिका दारात येऊन म्हणाल्या, "हे आधी काढा."

"नाही," बाई म्हणाल्या, आणि शिकवू लागल्या.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका, मला ओलीत ठेवू नका, एवढं तर मागतोच. पण कोणाला वाईट वाटू नये अशा गोड बोलीने त्यालाच कोणी झाकायला निघालं, तर हात जोडून उभे राहू नका. तो कागद ओढून काढा. थोडा रंग गेला तरी जाऊ दे.